जहाजावरील ग्रंथपाल

नांदेडच्या घाटाला लागून वाहणारी गोदावरी पुढे बंगालच्या उपसागरास मिळते. नांदेड-लातूरकडील पुष्कळ मुलांना मात्र समुद्र ठाऊक असतो तो भूगोलाच्या पुस्तकातूनच. गावातील वाचनालय त्यांच्या चांगल्या परिचयाचे असते. तसेच वाचनालय डोलणाऱ्या जहाजावर असले तर?

मुंबईस १९२७ साली माझगावजवळ ‘डफरिन’ हे जुने सैन्यवाहू जहाज नांगरून त्यावर व्यापारी जहाजांच्या भावी अधिकाऱ्यांची शाळा सुरू झाली. १९७२ साली तिची जागा ‘राजेंद्र’ने घेतली. गोव्यात बांधलेली नौदलाची ‘तरंगिणी’ ही तर शिडे उभारून प्रत्यक्ष सागरावर जाणारी शाळा होय. २००३-०४ साली तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

बहुतेक जहाजांवर स्वतंत्र ग्रंथपाल नसतो. पुस्तकांचे काम एखाद्या अधिकाऱ्याकडे सोपविलेले असते. ते वाटते तितके सोपे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पायांखालची जमीन कशी हादरली, हे लातूरकडील मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असेल. वादळात जहाजाची जमीन तासन्‌तास हलत असते. म्हणून तेथील कपाटे भिंतीस जखडतात आणि प्रत्येक फळीच्या कडेस आडवी पट्टी ठोकतात. खाऱ्या, दमट हवेने पुठ्ठे फुगतात, पानांवर बुरशी चढते. त्यामुळे पुस्तके वरचेवर काढून पुसावी लागतात.

परंतु खरी जोखीम निराळीच आहे. गावच्या वाचनालयात जुने पुस्तक मोलाचे ठरते; जहाजावर जुना नकाशा जीव घेऊ शकतो. कोठे वाळूचा नवा बांध तयार होतो, कोठे बुडालेले जहाज वाटेत पडते, कोठे दीपगृहाचा प्रकाश बदलतो. अशा बदलांच्या सूचना डेहराडून येथील नौदलाचे जलसर्वेक्षण कार्यालय नाविकांसाठी काढते. हे कार्यालय समुद्राकाठी नसून हिमालयाच्या पायथ्याशी आहे, हे वाचून कोणालाही नवल वाटेल! सूचना हाती येताच कागदी नकाशावर कायमची दुरुस्ती किरमिजी शाईने आणि तात्पुरती दुरुस्ती पेन्सिलीने करतात. सूचनेचा क्रमांक व वर्ष नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात नोंदवितात. आता पुष्कळ जहाजांवर नकाशे संगणकाच्या पडद्यावर आले आहेत. दुरुस्ती मात्र टळलेली नाही. एक सूचना नजरेतून सुटली, तर रात्री सुकाणूजवळ उभ्या असलेल्या नाविकास पुढचा खडक दाखविणारे कोणी नसते.

जहाजावर पुस्तके लावण्याचा छंद एका थोर भारतीयासही जडला होता. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन १९२५ साली इंग्लंडहून परत येत होते. पुस्तकांच्या वर्गीकरणाची एक नवी पद्धत त्यांच्या मनात घोळत होती. ती पारखावी कोठे? त्यांनी जहाजावरील ग्रंथसंग्रहच त्या पद्धतीने नव्याने लावला. ती पद्धत १९३३ साली ‘कोलन वर्गीकरण’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.