जुना लेथ : पारख आणि शिक्षण

मुंबईच्या कापड गिरण्यांत एकेकाळी विणकाम खात्याची दारे अस्पृश्य कामगारांना बंद होती. तेथे पगार अधिक होता. परंतु तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो, असे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या तरुणांना सरकारी छापखान्यांत व रेल्वेत उमेदवारी मिळावी अशी मागणी केली. यंत्रावर हात बसला की माणसाला मान खाली घालून जगावे लागत नाही, हे त्यामागचे मर्म आहे.

आज आय.टी.आय. मधून टर्नर होऊन बाहेर पडलेली आपली मुले-मुली स्वतःचे छोटे वर्कशॉप काढू पाहतात. नवा लेथ परवडत नाही, म्हणून जुन्याकडे लक्ष जाते. कारखाना बंद पडला किंवा तेथे सी.एन.सी. यंत्रे आली की असे लेथ लिलावात किंवा भंगारवाल्याकडे येतात. त्यात कर्जाचा पैसा गुंतणार असतो. म्हणून घेण्यापूर्वी काय पाहावे आणि घेतल्यावर काय शिकावे, ते आम्ही येथे मांडीत आहोत.

ऐकीव गोष्टीवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. लेथ घेताना हाच नियम पाळावा. ताजा रंग आणि विकणाऱ्याचे शब्द बाजूला ठेवून मोजमाप करावे.

पहिली गोष्ट बेड. बहुतेक काम चकजवळ होते, म्हणून बेड तेथेच जास्त झिजतो. सॅडल चकजवळ आणून त्याची गिब पट्टी बेताची आवळावी व सॅडल टेलस्टॉककडे सरकवावे. तिकडे ते जाम होऊ लागले तर चकजवळची झीज मोठी आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट स्पिंडल. डायल गेज स्पिंडलच्या तोंडावर लावावा, चकवर नव्हे, कारण चकचा दोष वेगळा असतो. स्पिंडल हाताने फिरवून काटा किती हलतो ते पाहावे. मग चकमध्ये जाड सळई धरून ती वर उचलावी. तेव्हा काटा हलला तर बेअरिंगमध्ये ढिलाई आहे.

तिसरी गोष्ट क्रॉस स्लाईड. हँडल उलट फिरवले की स्लाईड हलण्यापूर्वी काही रेघा रिकाम्या जातात. जुन्या यंत्रात हे थोडेफार असणारच. मापावर नेहमी एकाच दिशेने आल्यास काम बिघडत नाही.

चौथी गोष्ट गिअर. तुटलेले दात पाहावेत आणि बदलायचे गिअर पूर्ण आहेत का ते मोजावे. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंचाच्या मापाचा असतो. समजा, त्यावर इंचाला ४ आटे आहेत. तुम्हाला ८ हवे असतील तर प्रमाण ४/८, म्हणजे चालक गिअर २० दातांचा व चालित ४० चा. पण २ मि.मी. पिचचे आटे पाडायचे तर प्रमाण २/६.३५, म्हणजेच ४०/१२७ येते. १ इंच म्हणजे २५.४ मि.मी., आणि त्याची पाचपट १२७. म्हणून अशा लेथबरोबर १२७ दातांचा गिअर आहे का, हे आवर्जून विचारावे.

शेवटी कट घेऊन पाहावा. सुमारे ४० मि.मी. व्यासाची सळई टेलस्टॉकच्या आधाराशिवाय १०० मि.मी. बाहेर ठेवून धरावी. तिच्या दोन टोकांशी एकाच सेटिंगवर हलका कट घेऊन दोन्ही व्यास मायक्रोमीटरने मोजावेत. फरक आला तरी लगेच लेथ नापास करू नये. तो लेव्हलमध्ये बसवलेला नसला तर बेडला पीळ पडून असा उतार येतो. मोटर थ्री-फेज आहे का आणि आपल्या जागेत तशी वीज मिळेल का, हेही सौद्यापूर्वी पाहावे.

लेथ घरी आला की गणित सुरू होते. कापण्याची गती मिनिटाला ३० मीटर धरली आणि सळईचा व्यास ३० मि.मी. असला, तर १००० गुणिले ३०, भागिले (३.१४ गुणिले ३०), म्हणजे मिनिटाला सुमारे ३१८ फेरे. पट्ट्याच्या लेथवर एवढाच वेग नसेल तर जवळचा कमी वेग घ्यावा. सी.एन.सी. यंत्रावर आकडे पडद्यावर दिसतात. येथे ते स्वतः मांडावे लागतात आणि कायमचे लक्षात राहतात.

सुरक्षिततेत सवलत नाही. चकची चावी क्षणभरही चकमध्ये ठेवू नये. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस, अंगठी, मनगटातला दोरा यांतले काहीही फिरत्या यंत्राजवळ नको. डोळ्यांवर चष्मा हवा. लोखंडाचा कीस यंत्र बंद करून ब्रशने काढावा, हाताने नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविका सांगितली आहे. खरे माप देणारा कारागीर ती रोज आचरतो. ज्याच्याकडे लेथ आहे त्याने वस्तीतील निदान दोन मुलामुलींना शेजारी उभे करून शिकवावे. जी दारे एकेकाळी आपल्याला बंद होती, ती आता आपल्या हातून कुणाला बंद राहू नयेत. जयभीम!