परसांतील वांगीं

परसांतील एकाच वाफ्यांत आम्ही लागोपाठ तीन वर्षें वांगीं लाविलीं. तिसऱ्या वर्षीं फुलावर आलेलीं झाडें हिरवीं असतांनाच एकाएकीं माना टाकूं लागलीं. पाणी कमी पडलें असें समजून आम्ही धाकट्या बंधूस बोल लाविला व दुप्पट पाणी घातलें. आठवड्यांत सारा वाफा गेला.

शेवटच्या झाडाचें खोड कापून तुकडा पेल्यांतील स्वच्छ पाण्यांत उभा धरिला, तों कांहीं मिनिटांत त्यांतून दुधासारखे धागे उतरले. (वाचकांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.) ते मर रोगाचे जंतु होत, अमेरिकेंतील शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनीं १८९६ सालीं त्यांचें वर्णन केलें. ते मातींतून मुळांवाटे शिरून खोडांतील पाण्याची वाट अडवितात. म्हणून भोंवतीं ओल असूनहि झाड तहानलेलेंच! आमच्या वाढीव पाण्यानें तर रोग शेजारच्या मुळांपर्यंत नेला असला पाहिजे.

टोमॅटो, मिरची व बटाटा हीं वांग्याचींच भावंडें. त्या जागीं तींहि नकोत. सबब रोगट झाडें मुळासकट उपटून जाळलीं, तेथें यंदा मका पेरला व वांगीं उंच, निचऱ्याच्या जागीं नेलीं. कोठें काय लाविलें याची वही आतां धाकट्या बंधूकडे असते. मक्यास पाणी घालण्याचें काम त्यानें आम्हांस दिलें आहे.