कॅमेऱ्याची चाळिशी

अगं, परवा फोनवर तू मॅक्रो लेन्सच्या हप्त्यांचा हिशेब मांडत होतीस, तेव्हा मी गप्प राहिले. तू ऑफिसात होतीस आणि मला घाईघाईत काही सांगायचं नव्हतं. आज निवांत सांगते. ती लेन्स आत्ता घेऊ नकोस. कधीच घेऊ नको असं मी म्हणत नाही. पण नोकरीला लागून तुला अजून वर्ष झालेलं नाही, आणि कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 तुझ्याकडे आहे. शिवाय पक्ष्यांसाठी म्हणून हौसेनं घेतलेली 55-250 कपाटात पडून आहे. निम्म्याहून जास्त सामान घरातच आहे. राहिली ती फक्त एक चाळिशी.

हो, चाळिशीच. आजी पेपर वाचायला लावायची तशी. क्लोज-अप फिल्टर म्हणजे दुसरं काही नाही. त्याला फिल्टर म्हणतात खरं, पण तो काही गाळत नाही. लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसणारं ते एक भिंग असतं, आणि त्याच्या कडेवर लिहिलेलं +1, +2, +4 म्हणजे चष्म्याचाच नंबर. 1000 ला त्या नंबरानं भाग, उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवलास तर भिंगापासून तेवढ्या अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते. +2 ला अर्धा मीटर, +4 ला 25 सेंटीमीटर, +10 ला जेमतेम 10. त्यापलीकडचं सगळं धूसर. आजीसुद्धा टीव्ही बघताना चाळिशी काढून ठेवायचीच ना!

आता माझं काय चुकलं ते ऐक, म्हणजे तुझं चुकणार नाही. मी चार भिंगांचा स्वस्तातला संच आणला आणि 18-55 वर चारही एकावर एक चढवली. नंबरांची बेरीज होते हे वाचलं होतं, मग कमी कशाला ठेवायचं, असं वाटलं. फोटोत मधोमध थोडंसं धड होतं, बाकी सगळा लगदा. कडांना जांभळ्या-हिरव्या रेघा. त्यात फूल इतकं जवळ आणावं लागे की माझ्याच लेन्सची सावली त्याच्यावर पडे. दोन वर्षं तो संच खणात पडून राहिला, आणि ती दोन वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की हा छंद आपल्या ऐपतीचा नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

दोष भिंगाचा कमी होता, ते कुठल्या लेन्सवर लावलं याचा जास्त होता. इथे नीट लक्ष दे. वस्तू सेन्सरवर केवढी उमटणार हे लेन्सच्या फोकल लेन्थला भिंगाच्या अंतरानं भागलं की कळतं. +4 चं अंतर 250 मिमी. ते 50 मिमीवर लाव, वस्तू खऱ्या आकाराच्या पाचव्या हिश्श्याएवढी उमटेल. तेच भिंग 250 मिमीवर लाव, ती खऱ्या आकाराएवढी उमटेल. मॅक्रो लेन्सवाले ज्याला वन-टू-वन म्हणतात ते हेच. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे 22 मिमी रुंद आहे, म्हणजे दोन सेंटीमीटरची अळी जवळजवळ अख्खी चौकट भरते. आणि तुझ्यात नि तिच्यात एक वीत अंतर उरतं. ती बिचकत नाही, तिच्यावर उजेडही पडतो. तिथेच उभी राहून झूम 55 कडे आणलास की दहा सेंटीमीटरची अख्खी डहाळी चौकटीत येते. ही सोय मला फार आवडते. शिवाय भिंगानं उजेड कमी होत नाही. एक्स्टेन्शन ट्यूब लावल्या की तो घटतो.

स्वस्त भिंग एकाच काचेचं असतं, त्यामुळे लांब झूमवर त्याच्या रंगांच्या रेघा जास्त उठून दिसतात. म्हणून सुरुवातीला +2 वरच थांब. 250 मिमीवर तेवढ्यानंही खऱ्याच्या निम्मा आकार मिळतो. छिद्र एफ/8 ते एफ/11 ठेव. दोन भिंगं जोडायचीच झाली तर मोठ्या नंबराचं आत, लेन्सला लागून. +10 मात्र संचात आलं तरी बाजूला ठेव. पुढे हात बसला, चार पैसे साठले, की दोन काचा जोडून केलेलं अ‍ॅक्रोमॅट घे. त्यात एका काचेचा रंगदोष दुसरी काच बरीचशी भरून काढते. कॅननचं 500डी म्हणजे +2, 250डी म्हणजे +4. रेनॉक्सच्या डीसीआर-250 वरच्या आकड्यानं मात्र फसू नकोस, ते +8 आहे. ते चिमट्यासारखं लेन्सच्या तोंडाला अडकतं. तेव्हासुद्धा मॅक्रो लेन्सच्या मानानं खर्च थोडाच होईल.

घेताना लेन्सच्या तोंडावर गोलात तिरकी रेघ असलेलं चिन्ह बघ. त्यापुढचा आकडा भिंगाच्या मापाशी जुळला पाहिजे.

आता खरी मेहनत. वन-टू-वनला एफ/11 ठेवूनही स्पष्ट पट्टी एक मिलिमीटरसुद्धा जाड नसते. तू श्वास घेतलास तरी किड्याचा डोळा सुटतो आणि पाठ स्पष्ट होते. म्हणून ऑटोफोकस बंद कर, कोपर कठड्याला टेकव आणि रिंग न फिरवता स्वतःच केसभर पुढेमागे झुल. डोळा चमकला की लागोपाठ पाच-सहा फोटो काढ, त्यातला एखादा लागतो. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा जा. डहाळी हलत असेल तर कुंडीत काठी रोवून कपड्यांच्या चिमट्यानं ती धरून ठेव. सावलीच्या बाजूला पांढरा कागद धरलास तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि लांब जायची घाई नको. कास पठार सुंदरच आहे, पण तिथे नवशिके लोक सीतेच्या आसवांच्या एका फुलासाठी गुडघे टेकतात आणि त्यांच्या गुडघ्यांखाली दहा चिरडतात. ते बघून माझा जीव कळवळतो. आधी घरातल्या कढीपत्त्यावर शीक. कॉमन मॉर्मन फुलपाखरू त्याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतं, फिकट पिवळी, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. त्यातून निघणारी अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून तर वाचते. मोठी झाली की ती हिरवी होते. तिला त्रास झाला की डोक्यामागून दोन फाट्यांचं तांबडं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तो फोटो मिळावा म्हणून लोक तिला मुद्दाम डिवचतात. तू तसं करू नकोस. शिंग दिसलं की कॅमेरा खाली ठेव आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

माझ्या झूमचं आणि तुझ्या झूमचं तोंड एकाच मापाचं आहे, 58 मिमी. शनिवारी ये आणि माझं +2 घेऊन जा, लागेल तेवढे दिवस ठेव. आमच्या कुंडीत सध्या तीन अळ्या आहेत, अजून शिटेच्याच वेशात. आठवड्याभरात त्या हिरव्या होतील, म्हणून हा शनिवार चुकवू नकोस.