उपग्रहामागची पोकळी

प्रश्न : दिवेलागणीनंतर आमच्या गच्चीवरून कधी कधी उपग्रहांची रांगच्या रांग जाताना दिसते. हे आयनांबरातूनच धावतात म्हणे. मग तिथल्या विद्युतभारित वायूत, प्लाझ्मात, ते गडबड करत नाहीत का? मोबाइलवरचा नकाशा चुकतो तो त्यामुळेच का?
– एक वाचक, मांजरी बुद्रुक

उत्तर : करतात, पण स्वतःच्या अंगालगत.

पुण्याचाच उपग्रह घेऊ. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' 22 जून 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी34 बरोबर गेला. वजन जेमतेम एक किलो, बाजू दहा सेंटिमीटर, कक्षा पाचशे किलोमीटरच्या वर. तिथे उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो. ऑक्सिजनच्या आयनांचा, म्हणजे धनभारित अणूंचा, वेग एक-दीड किलोमीटरच. भर पावसात दुचाकी दामटली की छाती चिंब होते, पाठ बरीचशी कोरडी राहते, तसाच हा प्रकार. पुढच्या अंगावर आयन आदळतात, मागे त्यांची पोकळी पडते. इलेक्ट्रॉन मात्र हलके आणि चपळ, सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या आसपास. ते पोकळीत आधी शिरतात, तिथे ऋण भार साचतो, तो मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनना थोपवतो आणि बाजूच्या आयनांना आत ओढतो. पोकळी बुजते. ढोबळ हिशेबाने 'स्वयम्'मागे ती अर्ध्या मीटरच्या आसपास भरेल!

उपग्रहाच्या अंगावरही ऋण भार चढतो, सहसा व्होल्ट-दोन व्होल्टचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची सौरपाती 160 व्होल्टची असल्याने तिथे तो बराच वाढू शकतो. म्हणून झेनॉन वायूचा प्लाझ्मा बाहेर सोडून तो उतरवण्याची सोय केली आहे.

खरा धसमुसळेपणा अग्निबाणाचा. 14 मे 1973 रोजी स्कायलॅब हे अमेरिकी अंतराळ स्थानक नेणाऱ्या सॅटर्न-5 च्या धुरातली वाफ आणि हायड्रोजन यांनी हजार किलोमीटरहून मोठ्या टापूतले इलेक्ट्रॉन काही तास निम्म्यावर आणले होते.

राहिला नकाशा. विषुववृत्ताकडे सूर्यास्तानंतर आयनांबरात विरळ प्लाझ्माचे बुडबुडे उठतात, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. त्यांतून येताना जीपीएसचे संदेश थरथरतात. हे बुडबुडे निसर्गाचे, उपग्रहांचे नव्हेत. कोल्हापुरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या कॅमेऱ्यांनी रात्रीच्या आकाशातल्या 630 नॅनोमीटरच्या अंधूक तांबड्या प्रकाशात त्यांचे काळे पट्टे टिपले आहेत.

पण भर दुपारी नकाशा तुम्हाला शेजारच्या सोसायटीत उभे करत असेल, तर आधी उंच इमारतींवर संशय घ्या. भिंतींवर आपटून येणारा संदेश लांबच्या वाटेने येतो आणि मोबाइल फसतो.