मुक्ताचा निबंध

इ. स. १८४२ मध्ये अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. पुढे १८५५ साली त्यात एका शाळकरी मुलीचा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. तिचे नाव मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी काढलेल्या शाळेत ती शिकली.

मुक्ता मांग समाजातील होती. त्या काळी मांग व महार यांना अस्पृश्य मानून गावाबाहेर ठेवीत. आपल्या लोकांचे दुःख तिने स्वतःच्या शब्दांत मांडले. घरावर छप्पर नसल्यामुळे बाळंतिणींना थंडीवाऱ्यात किती यातना सोसाव्या लागतात, हे तिने लिहिले. ज्या धर्माचा ग्रंथ आम्हांस वाचता येत नाही, तो धर्म आमचा कसा, असा रोकठोक सवाल तिने केला. परंतु गाऱ्हाणे सांगून ती थांबली नाही. विद्या हेच आपल्या दुःखावरील औषध आहे, असे तिने आपल्या बांधवांना कळकळीने सांगितले.

भारताच्या संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. तरी समतेची वाट लांबच आहे. नगर जिल्ह्यातच शनिशिंगणापूर येथे शनिदेवाच्या चौथऱ्यावर जाण्यास स्त्रियांना असलेली बंदी २०१६ साली उठली.

मुलांनो, ज्याच्यावर अन्याय होतो, त्याला तो निर्भयपणे सांगता आला पाहिजे आणि इतरांनी तो ऐकून घेतला पाहिजे. विद्येचे खरे फळ हेच होय.

स्वाध्याय
१. मुक्ताने विद्येला औषध का म्हटले?
२. तुमच्या वर्गात कोणाला बोलण्याची संधी मिळत नाही? त्यासाठी तुम्ही काय कराल?