मकराची सोंड आणि सुसरबाईची पाठ

प्रथम वर्षाच्या चाचणी परीक्षेत मी लिहिले होते, "गंगेचे वाहन मकर, म्हणजेच मगर." पेपर परत मिळाला तेव्हा समासात सरांनी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता, "सोंड?" त्या शब्दाने मला वर्षभर स्वस्थ बसू दिले नाही. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

मकर हे नाव आपल्याला परके नाही. संत नामदेवांची नरसी आपल्याच जिल्ह्यातली. पांडुरंगाच्या मकरकुंडलांचे वर्णन भजनात ज्याने ऐकले नाही असा माणूस या भागात सापडणे कठीण. संक्रांत मकराची, मदनाच्या ध्वजावर मकर, वरुणाचे वाहनही मकरच. नाव इतके ओळखीचे. पण प्राणी मात्र कोणीच पाहिलेला नाही, कारण तो कोणत्याच पाण्यात नाही. तो कल्पनेतला आहे. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्याच्या दर्शनी बाजूस गंगा उभी आहे ती मकरावर. मूर्तिकारांचा मकर सामान्यतः असा असतो : जबडा मगरीचा, नाक लांबून सोंडेसारखे वळलेले, अंग माशाचे आणि शेपूट वेलबुट्टीत मिसळून गेलेली.

आता सोंड आली की हत्ती आला. मगर अंडी घालते. ती सरपटणाऱ्या प्राण्यांत मोडते. हत्ती सस्तन, हत्तीण पिलाला दूध पाजते. म्हणजे मकर निदान तोंडापुरता तरी सस्तन झाला! मग पाण्यात राहून पिलांना दूध पाजणारा खराखुरा प्राणी आपल्या पूर्वजांना ठाऊक होता काय?

होता. तो म्हणजे गंगेतील डॉल्फिन. त्याचे मुस्कट लांब आणि दातेरी असते. डोळे जवळजवळ निकामी असल्याने स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तो गढूळ पाण्यात वाट काढतो व मासे पकडतो. श्वास घेण्यासाठी त्याला वर यावेच लागते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांची हत्या वर्ज्य केली, त्यांत 'गंगापुपुटक' हे नाव आहे. तो हाच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. संस्कृतात याला शिशुमार म्हणत. भागवत पुराणात तर साऱ्या तारामंडळालाच शिशुमाराचा आकार कल्पिला असून त्याच्या शेपटीच्या टोकाशी ध्रुव बसविला आहे.

खरी गंमत पुढेच आहे. याच शिशुमार शब्दापासून हिंदीत 'सूंस' झाला आणि त्याचा अर्थ डॉल्फिन राहिला. मराठीत 'सुसर' झाला आणि त्याचा अर्थ मात्र मगर! आपल्या गोदावरीत, पूर्णेत वा कयाधूत डॉल्फिन नाही. शब्द आला, प्राणी आला नाही. तेव्हा लोकांनी ते नाव डोहातल्या दुसऱ्या मोठ्या प्राण्याला दिले असावे, असे मला वाटते.

सावकारापुढे कोणी फार गोड बोलू लागला की माझी आजी म्हणते, "सुसरबाई, तुझी पाठ मऊ!" मगरीची पाठ दगडासारखी खडबडीत, म्हणून त्या स्तुतीतला खोटेपणा लगेच कळतो. परंतु मूळ शिशुमाराला हेच म्हटले असते तर ती स्तुती न ठरता सत्यकथन ठरले असते, कारण डॉल्फिनची कातडी खरोखरच गुळगुळीत असते. ही म्हण डॉल्फिनवरून आली असा माझा दावा नाही. पण निरक्षर आजीच्या तोंडी असलेला शब्द अशोककाळापर्यंत जुन्या प्राण्याची आठवण बाळगून आहे, हे कळल्यापासून घरची बोली मला ग्रंथाइतकीच अभ्यासाची वाटू लागली आहे.

तरीही सोंड डॉल्फिनची नव्हे, ती हत्तीचीच. आपल्याकडे हत्ती आणि पाणी यांचे नाते जुने आहे. इंद्राचा ऐरावत समुद्रमंथनातून निघाला; काळ्या मेघांना कवींनी हत्तींची उपमा दिली. जबडा म्हणजे ओढून नेणारे पाणी आणि सोंड म्हणजे वर्षाव करणारे पाणी, असा अर्थ मी लावतो. पुरात वाहून नेणारी आणि शेत पिकवणारी नदी एकच असते, हे कयाधूकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही. मूर्तिकाराला मगर नीट काढता आली नाही असे नव्हे, त्याला पाणीच काढायचे होते.

कल्पनेतला मकर दगडात सुरक्षित आहे. खऱ्या शिशुमाराचे तसे नाही. २००९ मध्ये गंगेतील डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर ठरविण्यात आले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातील पहिल्या गणनेत नद्यांतील डॉल्फिनांची संख्या ६,३२७ भरली. एवढ्या मोठ्या देशात ही संख्या थोडीच म्हणावी लागेल.

तो प्रश्न परीक्षेत पुन्हा आला, तर "म्हणजेच मगर" हे दोन शब्द मी लिहिणार नाही. सरांच्या लाल शाईतील एका शब्दाचे हे उत्तर, थोडे उशिरा का होईना, त्यांनी तपासावे ही विनंती.