हार्ड डिस्कच्या केसिंगला अडॅप्टर घेताना

लग्नाची शूटिंग साठवलेली साडेतीन इंची हार्ड डिस्क केसिंगमध्ये घालून चालू केली आणि ती दिसलीच नाही, की स्टुडिओवाल्याचा जीव टांगणीला लागतो. पुष्कळदा डिस्क ठणठणीत असते, गेलेला असतो अडॅप्टर. तो जामखेडमध्येच मिळतो, त्यासाठी नगर गाठायला नको.

अडीच इंची डिस्क बहुधा यूएसबीवरच चालते. साडेतीन इंचीची मोटर मात्र १२ व्होल्टवर फिरते आणि सुरू होताना काही सेकंद दीड-दोन अँपिअर ओढते. म्हणून राउटरचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर पिन बसते, दिवा लागतो आणि डिस्क ‘टक्-टक्’ करून थांबते.

जुन्या अडॅप्टरचा स्टिकर सोबत न्या, निदान फोटो तरी. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त, म्हणजे दोनच्या जागी तीनचा बिनधास्त चालतो, कारण डिस्क लागेल तेवढंच ओढते. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चुकूनही लावू नका. स्टिकरवर पिनचं छोटं चित्र असतं, त्यात मधल्या ठिपक्याला अधिकची खूण आहे की उणेची, हे दोन्हींवर जुळवून बघा. पिनचं भोक २.१ मिलिमीटरचं असतं तसं २.५चंही असतं, चुकीची पिन एकतर बसत नाही, नाहीतर सैल बसते.

सीसीटीव्ही बसवणाऱ्यांकडे १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर हमखास असतो. हलका साधारण दीडशे-दोनशेला, बरा तीनशे ते पाचशेला. माझं मत विचाराल तर बराच घ्या. हलक्यातले काही मोकळे असताना मीटरवर १२ दाखवतात आणि डिस्क फिरायला लागली की बसतात. अंगावर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासता येतो. इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असावं. संध्याकाळी लाइट डिम झाली तरी असा अडॅप्टर तग धरतो.

केसिंगला चार पिनांचा गोल सॉकेट असेल तर जुगाड नको. त्यातून ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट जातात, तारा उलट्या लागल्या तर डिस्कच जळते. त्यापेक्षा दीड-दोन हजारांत अडॅप्टरसकट नवं केसिंग घ्या.

पैसे देण्याआधी दुकानातच डिस्क जोडून एखादी मोठी फाइल कॉपी करून पाहा आणि पक्कं बिल मागा. नव्या अडॅप्टरवरही टक्-टक् थांबली नाही, तर डिस्क पुन्हा पुन्हा चालू करू नका. मग काम डेटा रिकव्हरीवाल्याचं, आणि त्याचं बिल हजारांत येतं.